डोक्यावर उचलायचं वजन अडलं तेव्हा

गवताचा भारा बांधून झाला की आपण बांधावरून हाक मारतो, "अगं, जरा हात लाव गं!" भारा एकदा डोक्यावर गेला की चालायला आपण खंबीर. अडतं ते वर चढवताना. आमच्या बचत गटातल्या नऊजणींनी ताकदीचा व्यायाम सुरू केला, तेव्हा आम्हीही नेमक्या तिथंच अडलो.

साधन साधंच. दुहेरी शिवलेली जाड पिशवी, आत वाळूच्या पुड्या आणि वजनाला गटाचा पापडाचा काटा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. पिशवी छातीशी धरून बैठका काढायच्या, मग तीच कमी वजनाची करून छातीपासून सरळ डोक्यावर उचलायची. पाच-पाच वेळा, असे तीन फेरे. दर खेपेला एक किलो वाढवायचा.

बैठका दहा किलोंवरून वीसवर गेल्या. डोक्यावर उचलणं मात्र सहावरून नऊवर आलं आणि थांबलं. दोन आठवडे तिथंच. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "माझ्या हातात आता जीव नाही, वय झालं." त्या यायच्याच बंद झाल्या. आम्हाला ते फार लागलं.

मग आम्ही वही काढून हिशोब मांडला. विसावर एक किलो म्हणजे शेकडा पाच वाढ. नवावर एक म्हणजे शेकडा अकरा! मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे स्नायू मोठे, खांद्याचे आणि दंडाचे लहान. लहानाला दुपटीनं हप्ता लावला तर तो थकणारच. हात कमजोर नव्हते, हप्ता जड होता.

म्हणून आम्ही पाव-पाव किलोच्या पुड्या शिवल्या. आधी वजन आठ किलोंवर आणलं आणि तिथून दर खेपेला एकच पुडी वाढवली. दोन फेऱ्यांमध्ये घाईनं अर्धा मिनिट थांबायचो, तिथं तीन मिनिटं बसू लागलो. एक दिवस बैठका आधी, तर दुसऱ्या दिवशी उचलणं आधी, म्हणजे हात ताजे असताना त्यांची पाळी येते.

उभं राहण्यातही चूक होती. वजन अडलं की आम्ही कंबर मागे वाकवायचो. आता पाय खांद्याइतके फाकवतो, पोट आणि कुल्ले घट्ट आवळतो. पिशवी तोंडासमोरून जाताना हनुवटी थोडी मागे घेतो. ती वर गेली की डोकं पुन्हा सरळ. पिशवी डोक्याच्या बरोबर वर, पुढे लोंबकळत नाही.

शेवटची गोष्ट बोलायला आम्हालाही जड गेली. काकूंच्या घरी बसलो, तेव्हा कळलं की संध्याकाळी त्या व्यायामाला यायच्या, ते सकाळच्या चहा-भाकरीवर. आपण सगळ्यात शेवटी जेवतो आणि आमटीतली डाळ तोवर संपलेली असते. स्नायू बांधायला डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी लागतात. तेव्हापासून आमचा ठराव झाला, की वाढायला घेण्याआधी आपली एक वाटी उसळ किंवा डाळ बाजूला काढायची. चोरून नाही, सगळ्यांसमोर.

काकू परत आल्या. सहा किलोंपासून पुन्हा सुरुवात केली, एकेक पुडी वाढवत दहा किलोंवर पोचल्या. परवा दळणाचा डबा त्यांनी एकटीनं फळीवर ठेवला.

एक सांगणं. दमणं वेगळं, दुखणं वेगळं. खांद्यात कळ आली तर थांबा. गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पिशवीची शिवण रोज तपासा आणि लेकरांना लांब ठेवा.

तुमचं वजन अडलं, तर स्वतःला बोल लावण्याआधी वही बघा आणि आपलं ताटही बघा.