झडपेवरचे समुद्रफूल

चिंचपोकळीच्या चाळींत ‘टू-डी इको’ म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. काखेत फाइल धरून घरातले कुणीतरी आईला केईएम रुग्णालयात घेऊन निघालेले असते. इथल्या दाटीवाटीत हृदयाच्या झडपेचे दुखणे म्हणजे बहुधा लहानपणीच्या सांधेतापाने आखडलेली झडप. तिच्यावर गाठ असेल, असे सहसा मनात येत नाही. हृदयात मूळ धरणाऱ्या गाठी आहेतच तशा दुर्मीळ. शवविच्छेदनाच्या नोंदींत दहा हजारांत जेमतेम दोन.

झडपेवर जी गाठ सर्वांत जास्त आढळते तिचे नाव पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. बहुतेकदा दीड सेंटिमीटरहून लहान, आणि कर्करोगाची नव्हे. तरीही ती घातक ठरू शकते. तिला फुलासारख्या बारीक पाकळ्या असतात, त्यांच्यावर रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी किंवा पाकळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, की धडधाकट माणसाला पक्षाघात होतो.

इकोत ती दिसते कशी? रुग्ण डाव्या कुशीवर, छातीवर गार जेल, बरगड्यांच्या फटीत टेकवलेला प्रोब. पडद्यावर झडप उघडते, मिटते आणि तिच्याबरोबर देठावरचा एक पांढरा ठिपका झुलतो. त्याची कड थरथरत असते. इकोचे हे तंत्र गिरणगावाला आपले वाटेल असे आहे: १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयावर पहिल्यांदा वापरले ते धातूमधले दोष शोधण्याचे यंत्र.

मात्र ठिपका दिसला म्हणजे निदान झाले नाही. जंतुसंसर्गाचे पुंजकेही झडपेवर असेच झुलतात. पण ते झडप कुरतडतात, तिला गळती लावतात. सोबत ताप असतो, रक्ताच्या कल्चरमध्ये बहुधा जंतू सापडतात. फायब्रोइलास्टोमाच्या बाबतीत झडप सहसा शाबूत असते. म्हणून ‘ताप होता का?’ हा प्रश्न यंत्राइतकाच मोलाचा. तो विचारताना घाई करू नये.

शंका उरलीच तर प्रोब अन्ननलिकेतून उतरवतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असल्याने मधे बरगड्या नाहीत, फुप्फुस नाही. देठ कुठे चिकटला आहे तेही कळते. ठोक्यांशी जुळवून काढलेल्या सीटीत छोटी गाठ रेखीव उमटते. एमआरआय मोठ्या गाठीचा पोत छान सांगतो, पण इतकी बारीक, सतत हलणारी वस्तू त्याच्या नजरेतून निसटू शकते.

शस्त्रक्रियेत ही गाठ बहुतेक वेळा नुसती खरवडून काढता येते, झडप वाचते. याच केईएममध्ये १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले होते. त्यापुढे हे काम लहान वाटेल, पण ज्याचा पक्षाघात टळला त्याला ते लहान नाही. बाहेर काढलेली गाठ चिमटीत मलूल, चिकट गोळ्यासारखी दिसते. ती पाण्याच्या वाटीत सोडली, की बारीक पाकळ्या एकेक करून पसरतात, ओहोटीत मिटलेले समुद्रफूल हाजी अलीच्या खडकांवर भरतीचे पाणी येताच उमलावे तशा.