परिग्रह-परिमाण आणि गृहस्थाचे अर्थनियोजन



श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. जमीन, घर, सोने, धन, धान्य यांना श्रावकाने स्वतःहून मर्यादा घालावी, असे हे व्रत सांगते. मर्यादा घालण्यासाठी आधी मोजदाद करावी लागते. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त सद्गृहस्थाचे ३५ गुण सांगितले. त्यांत न्यायाने मिळविलेल्या संपत्तीला पहिले स्थान असून, उत्पन्नानुसार खर्च करणे हाही एक गुण गणला आहे. आजच्या भाषेत यालाच अर्थनियोजन म्हणतात.

चारकोपची वस्ती १९८५ च्या सुमारास, जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या योजनेतील छोट्या भूखंडांवर उभी राहिली. येथील कुटुंबांनी पै-पै साठवून घरे बांधली. अशा कष्टाच्या पैशाला प्रथम सुरक्षितता हवी, करबचत त्यानंतर.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ज्यांची आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी होती, त्यांच्यावर औषधपाण्यासाठीही हात पसरण्याची वेळ आली. त्या वेळी ठेवींचे विमासंरक्षण १ लाखाचे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ते प्रत्येक बँकेत, प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून ५ लाख झाले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक विलीन झाली. परंतु मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतचे टप्पे आले. अर्धा टक्का अधिक व्याजाच्या मोहापायी सर्व पुंजी एकाच पेढीत ठेवू नये, हा त्यातील धडा होय.

आता कराविषयी. मार्च महिना उजाडला की घाईघाईने विम्याची पॉलिसी घेण्याची प्रथा अजूनही दिसते. जुन्या करपद्धतीत गुंतवणुकीवरील वजावटीची मर्यादा २०१४ पासून दीड लाख आहे. नव्या पद्धतीत ती वजावटच नाही. मात्र आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. म्हणून दोन्ही पद्धतींनी कर काढून मगच निर्णय घ्यावा. व्यापारी उत्पन्न असणाऱ्यांना दरवर्षी पद्धत बदलता येत नाही, याचे भान ठेवावे. भविष्य निर्वाह निधीचे (पीपीएफ) १५ वर्षांचे खाते वजावट नसतानाही उपयुक्त ठरते, कारण त्याचे व्याज दोन्ही पद्धतींत करमुक्त आहे. विमा मात्र कुटुंबाच्या संरक्षणासाठीच घ्यावा.

दानधर्मातही शिस्त हवी. जुन्या पद्धतीत दानाची वजावट घ्यायची तर २,००० रुपयांवरील रोख दान चालत नाही. धनादेश द्यावा आणि पावती जपावी. वजावट न मिळाल्याने दानाचे पुण्य उणे होत नाही, हेही विसरू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनेक घरांत कर्ता पुरुष गेल्यावर ठेवी कोठे आहेत, हेच पत्नीला ठाऊक नसते. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करावे. तथापि नामनिर्देशित व्यक्ती आपोआप वारस ठरत नाही. समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. यास्तव इच्छापत्र करावे आणि सर्व ठेवींची नोंदवही पत्नीला व मुलांना दाखवून ठेवावी.

यंदाच्या पर्युषणात प्रत्येक कुटुंबाने एक सायंकाळ या नोंदवहीसाठी द्यावी. ती पूर्ण झाल्यावर आपल्यापाशी किती आहे हे कळेल, आणि किती पुरे आहे हा विचारही तेथूनच सुरू होईल.

जय जिनेंद्र!