पाकीट उघडणारा हात

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संकलित भाग)



राज्याला गुपिते असावीत की नसावीत, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. असावीत. कौटिल्याने अर्थशास्त्रात गूढपुरुषांची निवड आणि नेमणूक यांसाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातले आहेत. बहिर्जी नाईकांचे नाव तर महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शत्रूच्या छावणीत काय शिजते आहे हे ज्या राजाला कळत नाही, त्याचे राज्य फार दिवस टिकत नाही. याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. दुमत सुरू होते ते पुढे. शत्रूवर रोखलेली ही नजर घरच्या माणसाकडे वळली, तर तिला आवर कोणी घालायचा आणि कसा?

या प्रश्नाची एक मोठी बोधक हकीकत लंडनमध्ये १८४४ साली घडली. तिचा नायक महाराष्ट्राला अपरिचित नाही. इटलीच्या स्वातंत्र्याचा उद्गाता जोसेफ मॅझिनी १८३७ पासून लंडनमध्ये निर्वासिताचे जिणे जगत होता. सहा दशकांनंतर त्याच लंडनमध्ये बसून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्याचे आत्मचरित्र मराठीत आणले, आणि ते १९०७ मध्ये प्रसिद्ध होताच इंग्रज सरकारला त्याची धास्ती वाटली. पुस्तकावर बंदी आली. मॅझिनीची पत्रे ज्या सरकारने उघडली, त्याच सरकारच्या वारसांनी त्याचे चरित्रही दडपले, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

१८४४ च्या वसंतात मॅझिनीला संशय आला. आपल्याला येणारी पत्रे उशिरा हाती पडतात, पाकिटांवर टपालाचे शिक्के एकावर एक उमटलेले दिसतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने आणि त्याच्या मित्रांनी परीक्षा घ्यायचे ठरवले. स्वतःच्याच पत्त्यावर पत्रे टाकण्यात आली. त्यांत वाळूचे कण, खसखशीचे दाणे, एखादा केस अशा गोष्टी घालून पाकिटे काळजीपूर्वक बंद करण्यात आली. पत्रे पोहोचली तेव्हा आतील वाळू नाहीशी झाली होती. कोणीतरी पाकीट उघडले होते, मजकूर वाचला होता आणि पुन्हा बेमालूमपणे चिकटवले होते. वाळू मात्र परत घालायची राहून गेली!

१४ जून १८४४ रोजी थॉमस डन्कम या सभासदाने मॅझिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांचा अर्ज पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात सादर केला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी उत्तर दिले की, असा अधिकार सरकारला कायद्यानेच आहे. अधिक तपशील देता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. राणी ॲनच्या कारकिर्दीपासून, म्हणजे १७११ पासून, मंत्र्याच्या लेखी आदेशाने पत्र उघडण्याची मुभा होतीच. पण लोक खवळले. याचे एक कारण समजून घेण्याजोगे आहे. चारच वर्षांपूर्वी, १८४० मध्ये, इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर कोठेही पत्र धाडण्याची सोय झाली होती. तोवर पत्रव्यवहार ही श्रीमंतांची आणि पेढीवाल्यांची मिरासदारी होती. आता मोलकरीण आपल्या आईला आणि सैनिक आपल्या पत्नीला पत्र लिहू लागला होता. पाकीट उघडले जाते, ही बातमी त्यामुळे प्रत्येक घराची बातमी झाली. टॉमस कार्लाइलसारख्या विचारवंताने वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून मॅझिनीची बाजू घेतली. गृहमंत्र्यांचे आडनाव हे इंग्रजीत चक्क क्रियापद झाले. 'हे पत्र ग्रॅहॅम करू नये', अशी सूचना लोक पाकिटावर लिहू लागले.

दोन्ही सभागृहांच्या गुप्त समित्या बसल्या. ऑगस्टमध्ये त्यांचे अहवाल आले. अशा पत्रांतून मिळालेली माहिती एका परकीय सत्तेला पुरवण्यात आली होती, हे त्यातून उघड झाले. ती सत्ता ऑस्ट्रिया होती, हे सांगण्याची गरज कोणालाच भासली नाही. त्याच उन्हाळ्यात बांदिएरा बंधू, ॲत्तिलिओ आणि एमिलिओ, मूठभर सहकाऱ्यांसह दक्षिण इटलीत उतरले होते आणि २५ जुलै रोजी कोसेन्झाजवळ गोळ्या घालून त्यांना ठार मारण्यात आले. लंडनमधील उघडलेल्या पत्रांमुळेच ते मारले गेले, असा आरोप त्या वेळी झाला. तो सिद्ध झाला नाही. त्यांच्याच टोळीतील एकाने दगा दिल्याचे इतिहास सांगतो. पण सरकारने चोरून पत्र वाचले की पुढच्या प्रत्येक दुर्दैवाचा डाग त्याच्याच अंगरख्यावर पडतो, हे ग्रॅहॅम यांना कळून चुकले. दीर्घकाळ मंत्रिपदे भूषवूनही लोक आपल्याला केवळ इटालियनांची पत्रे उघडणारा म्हणूनच लक्षात ठेवतील, अशी खंत ते व्यक्त करीत, असे सांगतात. परदेशी पत्रव्यवहार फोडणारी टपालखात्यातील गुप्त शाखा त्या वर्षी बंद झाली. कायदा मात्र तसाच राहिला!

इंग्लंडमध्ये ज्याची लाज वाटली, ते हिंदुस्थानात कायद्याच्या पुस्तकात सुस्पष्ट लिहिले गेले. १८९७ मध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँडचा वध केला, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. पुढच्याच वर्षी कायदेमंडळाने राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ती वाढवली. तो १८९८ चा चौथा कायदा. त्याच वर्षीचा सहावा कायदा म्हणजे भारतीय टपाल अधिनियम. त्याच्या २६ व्या कलमाने सरकारला, किंबहुना सरकारने खास अधिकार दिलेल्या कोणाही अधिकाऱ्याला, 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता व शांतता' यांसाठी कोणतीही टपालवस्तू अडवण्याचा अधिकार दिला. शांतता म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? ज्याने पत्र अडवले, त्यानेच.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली; कलम २६ जागचे हलले नाही. १९६८ मध्ये विधी आयोगाने आपल्या ३८ व्या अहवालात या कायद्याचा परामर्श घेऊन ते कलम घटनेच्या मर्यादांशी सुसंगत करावे, असे सुचवले. अहवाल फडताळात गेला. मग १९७५ चा जून महिना उजाडला. त्या एकवीस महिन्यांत वृत्तपत्रांवर कोणता वरवंटा फिरला, 'मिसा'खाली हजारो कार्यकर्ते कसे डांबले गेले, हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. येरवडा, नाशिक, ठाणे येथील कारागृहांतून घरी आलेले पत्र अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेलेले असे, आणि घरच्या मंडळींनाही उत्तर लिहिताना ती नजर पाठीवर जाणवत असे. मुलाचे शिक्षण, आजीचे दुखणे, यापलीकडे लेखणी जात नसे. जे कळवायचे ते भेटीला गेलेल्या माणसाच्या तोंडून कळवले जाई.

येथे एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. त्यात ती पत्रे लिहिणारे आणि वाचणारे अनेक जण होते. त्या सरकारने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या वाटा बऱ्याच अरुंद केल्या, हे त्याचे मोठे पुण्य. तथापि टपाल कायद्याचे २६ वे कलम तेव्हाही तसेच राहिले. विधी आयोगाचा अहवाल तयार होता, स्वानुभव ताजा होता, लोकसभेत बहुमत होते. सत्तेवर बसल्यावर जुनी हत्यारे निरुपयोगी वाटत नाहीत, एवढेच त्याचे स्पष्टीकरण देता येते.

१९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने टपाल दुरुस्ती विधेयक आणले. जुन्या कलमाला घटनेचा साज चढवण्याचे निमित्त होते. प्रत्यक्षात पत्रे अडवण्याची कारणे वाढली. लोकसभेत काँग्रेसचे चारशेहून अधिक सदस्य होते. विधेयक संमत होणे ही औपचारिकता होती. पण ते राष्ट्रपती भवनात जाऊन थांबले. ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. घटनेच्या १११ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींनी निर्णय किती दिवसांत घ्यावा याचे बंधन नाही. त्या मौनाचा त्यांनी शस्त्रासारखा वापर केला. हेच झैलसिंग १९८० ते १९८२ या काळात देशाचे गृहमंत्री होते. राष्ट्रपती भवनातील आपले संभाषण ऐकले जाते असा त्यांना संशय होता आणि पाहुण्यांशी ते उद्यानात फिरताना बोलत, असे त्या काळी दिल्लीत बोलले जाई. ज्याने दुसऱ्याच्या पत्रांच्या फायली पाहिल्या, त्यालाच आपल्या भिंतींना कान असल्याचे प्रथम जाणवावे, हे समजण्यासारखे आहे. पुढचे राष्ट्रपती रा. वेंकटरमण यांनी ते विधेयक पुनर्विचारार्थ परत धाडले. अखेर २००२ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात, ते रीतसर मागे घेण्यात आले.

दूरध्वनीची कथा याहून वेगळी नाही. १८८५ च्या तार कायद्यातील पाचव्या कलमाचा आधार घेऊन फोन ऐकले जात. कर्नाटकात १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांना याच आरोपावरून मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी राजकीय पुढाऱ्यांचे फोन ऐकले गेल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल फुटला, छापून आला आणि 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' ही जयप्रकाशजींनी १९७६ मध्ये स्थापलेली संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांच्या पीठाने १९९६ मध्ये निकाल दिला. फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिवानेच द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि आदेशाची छाननी एका समितीने करावी, असे दंडक घालून दिले गेले. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी असावी, ही अर्जदारांची मागणी मात्र मान्य झाली नाही. छाननी समितीत सारे सचिवच. सरकारने आदेश द्यायचा आणि सरकारनेच तो तपासायचा, ही त्रुटी त्या निकालापासून चालत आली आहे. फुटलेल्या अहवालावाचून हा निकालच लागला नसता, हेही विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू. मे १९९९ मध्ये जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीतील लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी दूरध्वनीवर बोलत होते. ते बोलणे भारतीय गुप्तचरांनी टिपले. कारगिलमध्ये घुसलेले 'मुजाहिदीन' कोणाच्या हुकमावर चालतात, याचा तो बिनतोड पुरावा होता. ११ जून रोजी भारत सरकारने ते ध्वनिमुद्रण जगापुढे ठेवले. पाकिस्तानचा खोटेपणा उघडा पडला. पण भारताचा कान कोठे लागलेला आहे, हेही शत्रूला कळले, असा आक्षेप गुप्तचर क्षेत्रातील काही जाणत्यांनी पुढे घेतला. तो आक्षेप सहजी उडवून लावण्याजोगा नाही. तसेच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत माणसे मारीत असलेल्या अतिरेक्यांचे पाकिस्तानातील सूत्रधारांशी चाललेले बोलणे पोलिसांनी ऐकले, ध्वनिमुद्रित केले, आणि तेच पुढे कसाबवरील खटल्यात न्यायालयापुढे आले. त्या रात्री कायद्याने ऐकण्याची सोय नसती, तर सूत्रधारांचे आवाज कायमचे अंधारात राहिले असते. ऐकणे बंद करा, असे म्हणणाऱ्याने या दोन प्रसंगांचे उत्तर दिले पाहिजे.

परंतु या दोन्ही प्रसंगांत ऐकणाऱ्याला ठाऊक होते की समोर शत्रू आहे. हेगडे प्रकरणात समोर स्वपक्षाचे आणि विरोधी पक्षाचे लोक होते. साधन एकच, फरक केवळ नावांच्या यादीचा. आणि ती यादी कोण पाहतो, यावरच सारे अवलंबून आहे. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. राज्याला त्यावर मर्यादा घालता येते. पण त्यासाठी कायदा हवा, वैध हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा, असा त्या निकालाचा आशय आहे.

१८९८ चा टपाल कायदा अखेर गेला. २०२३ मध्ये संसदेने नवा टपाल अधिनियम संमत केला आणि १८ जून २०२४ पासून तो अमलात आला. इंग्रजांचा कायदा गेला, याचा आनंद कोणाला होणार नाही? मात्र नव्या कायद्याचे नववे कलम शांतपणे वाचले पाहिजे. टपालवस्तू अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार त्यातही आहे, आणि कारणांमध्ये 'आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हे शब्द पुन्हा आहेत. दूरध्वनीच्या बाबतीत निदान मुदत आहे, छाननी समिती आहे. पत्राच्या बाबतीत कायद्याच्या मजकुरात तेवढेही घातलेले नाही. आज पत्रे कोण लिहितो, असे म्हणून हा विषय टाळता येईल. पण पारपत्र, न्यायालयाची नोटीस, बँकेचे कार्ड आजही टपालानेच घरी येते.

दूरसंचाराचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाले. त्यांतही मुदत आणि समिती कायम आहे. नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करण्याची तरतूदही कायम आहे. ज्याचे बोलणे ऐकले गेले, त्याला मात्र ते कधीच कळवले जात नाही. तपास चालू असताना कळवावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु जर्मनीत १९६८ पासून या विषयाचा स्वतंत्र कायदा आहे. तपासाचा हेतू धोक्यात येत नसेल, तर पाळत संपल्यानंतर त्या व्यक्तीला तसे कळवावे, अशी व्यवस्था तेथे आहे. जर्मनी हा गुप्त पोलिसांचा अनुभव घेतलेला देश. भारतात अशी तरतूद १९९६ च्या निकालाने घालून दिली नाही, आणि २०२४ च्या नियमांतही ती आलेली नाही.