कर्रकर्र कुठून येते?

जुन्या फियाटमध्ये बसून तुम्ही कधी आकाशवाणी ऐकली असेल, तर गाण्याच्या मागे चाललेली कर्रकर्र आठवत असेल. ॲक्सिलरेटर दाबला की तीही वेग घ्यायची. आम्ही बिचाऱ्या रेडिओला थपडा मारायचो. आवाज असायचा इंजिनातल्या ठिणगीचा.

कुर्ल्याला बनायच्या त्या फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं, इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. ते मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा सेकंदाला 100 ठिणग्या पडतात. प्रत्येकीमागे दहा-पंधरा हजार व्होल्टचा जोर. तो जोर कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत डेल्कोपर्यंत, आणि तिथून चार प्लगांपर्यंत वाहून नेतात पाच वायरी. वायरीचं रबर जरा तडकलं आणि शेजारी लोखंड असलं, की करंट प्लगकडे जायचा कंटाळा करतो.

वडिलांची पद्मिनी अजून माझ्याकडे आहे. एकदा ती सर्व्हिसिंगहून आली, तर चारही वायरी काळ्या चिकटपट्टीने वेणीसारख्या बांधलेल्या. किती नीटनेटकं काम, म्हणून मी खूश! पहिल्याच पावसात गाडी मिसिंग करू लागली. कार्बोरेटर खोलला, जेट फुंकले, पेट्रोलवाल्याला शिव्या दिल्या. शेवटी एका रात्री अंगणातला दिवा मालवला आणि चालू इंजिनावर वाकून पाहिलं, हात मागे बांधून. पट्टीच्या घड्यांतून बारीक निळ्या ठिणग्या वळवळत होत्या. ओल, तेल आणि धूळ पट्टीखाली साठली होती, करंटला आयती वाट मिळाली होती.

तेव्हापासून माझ्या वायरी विस्कटलेल्या दिसल्या तरी चालतात, एकमेकींना चिकटलेल्या चालत नाहीत. प्लास्टिकच्या खाचांच्या पट्ट्या मिळतात, त्यांत एकेक वायर सुटी बसते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डपासून बोटभर तरी अंतर हवंच. जिथे जागाच नाही तिथे काचतंतूची नळी चढवावी.

बदलताना इंजिन थंड असू द्या आणि एका वेळी एकच वायर काढा. चारही एकदम उपटल्या तर एक-तीन-चार-दोन हा क्रम आठवत बसावं लागतं, आणि चुकला की कार्बोरेटरमधून फटाका. काढताना रबरी टोपी धरून किंचित पिळायची, वायर ओढायची नाही. कार्बनच्या गाभ्याची वायर ओढल्याने आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. मीटर लावल्याशिवाय कळत नाही. तांब्याची तार त्या मानाने दणकट, पण रेडिओची वैरीण. तिला 5000 ओहमचा रेझिस्टर असलेल्या टोप्या लावाव्या लागतात. टोपीत आतून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की पाणी शिरत नाही, आणि पुढच्या वेळी टोपी प्लगला चिकटून बसत नाही. मग टक् असा आवाज येईपर्यंत दाबायची. तो आवाज ऐकू आल्याशिवाय मी बॉनेट लावत नाही.

परवा पावसात गाडी काढली, रेडिओ लावला. पुन्हा कर्रकर्र! पोटात गोळा आला. गाडी कडेला घेतली, एकेक गोष्ट बंद करून पाहिली. वायपरची मोटर होती.