एका निवाड्यावर थांबू नका



अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नॉर्थॅम्प्टन नावाची काउंटी आहे. तिथल्या न्यायालयाचं दप्तर १६३२ पासून सलग टिकून आहे. त्या दप्तरातल्या एका माणसाविषयी मी आज बोलणार आहे.

१६२१ मध्ये एक आफ्रिकी माणूस जहाजातून व्हर्जिनियात आणला गेला. कागदावर त्याचं नाव नुसतं ‘अँटोनियो’. पुढे तो मोकळा झाला, अँथनी जॉन्सन म्हणवू लागला आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन चढली.

त्याच्याविषयी सर्वांत जास्त सांगितला जातो तो १६५५ चा निवाडा. जॉन कॅसर हा त्याचा आफ्रिकी चाकर म्हणत होता, ‘माझी सात-आठ वर्षांची मुदत केव्हाच संपली.’ एका गोऱ्या मळेवाल्याने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. कॅसर आपला जन्मभराचा चाकर आहे, असं जॉन्सनचं म्हणणं. न्यायालयाने कॅसरला जॉन्सनच्या हवाली केलं. पुष्कळ जण इथेच दप्तर मिटतात आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीचा दोष काळ्या माणसाच्याच माथी मारतात.

आता दोन वर्षं मागे चला. १६५३ मध्ये आगीत जॉन्सनचं मोठं नुकसान झालं. त्याने अर्ज केला, आणि त्याची बायको मेरी व दोन मुली यांची डोईपट्टी न्यायालयाने तहहयात माफ केली. ही माफी साधी नव्हती. इंग्रज बाईवर ती पट्टी नव्हतीच. आफ्रिकी बाईवर मात्र १६४३ च्या कायद्याने ती बसवली होती. काळ्या बाईशी संसार करणाऱ्याला दरसाल तंबाखूच्या रूपात जादा भरणा करावा लागे. माफीने मेरी इंग्रज बाईच्या पंक्तीला आली. लग्नाची वही जे सांगत नाही, ते त्या घराविषयी कराचा कागद सांगतो.

आणि आता पुढचं पान. १६७० मध्ये जॉन्सन वारला. त्याच वर्षी ज्युरीने ठरवलं, की तो काळा, म्हणून परका. त्याची जमीन सरकारजमा. पंधरा वर्षांपूर्वी ज्याचा दावा न्यायालयाने मानला होता, तोच माणूस आता त्या मातीला परका ठरला.

हे तिन्ही कागद शेजारी ठेवले, की वर्णभेदाचा कायदा कसा पायरीपायरीने घट्ट होत गेला ते दिसतं. यातला एकच उचलला, तर दिशाभूल होते. म्हणून तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे: निवाडा हाती लागला की त्याच घराची करपट्टी काढा, लग्नाची आणि जमिनीची नोंद काढा, आणि मगच मत बनवा.

निवाडा वाचताना हरलेल्याचीही बाजू वाचा. कॅसर दावा हरला. पण ‘माझी मुदत संपली आहे’ हे त्याचं म्हणणं कारकुनाने लिहून ठेवलं. म्हणूनच ते आज आपल्यापर्यंत पोचलं.