गोळीचे वजन आणि औषधाची मात्रा



आजचा विषय कानाला रुक्ष वाटेल, हे मी जाणून आहे. वसंतातली संध्याकाळ, आणि मी आपणांस तराजू, ग्रेन आणि मिलिग्रॅम सांगत बसणार! परंतु ज्यांच्या घरी कर्करोगाचे माणूस आहे, किंवा होते, त्यांना हा विषय रुक्ष वाटणार नाही. डॉक्टर सांगतात, "अर्धी गोळी द्या." गोळी असते मॉर्फीनची. सुरी फिरते, एक तुकडा मोठा पडतो, दुसरा लहान, आणि चिमूटभर भुकटी ताटलीत सांडते. आता या तुकड्यात औषध किती? आणि ते वजन करून सांगता येईल काय? प्रश्न एवढाच आहे. पण त्याच्या उत्तरात औषधनिर्मितीचा बराच इतिहास आणि आपल्या देशाच्या कायद्याचा एक भाग येऊन जातो.

आपल्याकडे अफू हे काही परके द्रव्य नव्हे. माळव्याची अफू पेट्यांत भरून मुंबई बंदरात यायची आणि तेथून चीनला जायची. एकोणिसाव्या शतकात मुंबईत मोठी झालेली कित्येक घराणी त्या व्यापारावर उभी राहिली. घराघरांतही ती होती. म्हाताऱ्याच्या सांधेदुखीला, हगवणीला, खोकल्याला अफू देत. मात्रा कशी ठरवायची? मोहरीएवढी, मुगाएवढी, गुंजभर. बाळगुटीची मात्रा तर सहाणेवर किती वेढे दिले यावर मोजत. गुटीतली हळद, वेखंड, जायफळ यांना हे माप पुरते. अफूला पुरत नाही. मुंबईच्या गिरणगावात आया कामाला जाताना मुलांना 'बाळगोळी' देत असत. तीत अफू असे, म्हणून मूल दिवसभर निजून राही. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या चालीची दखल घेतली आहे. त्या आयांना दोष देण्याची मला इच्छा नाही. दहा-दहा तास साच्यावर उभे राहणाऱ्या बाईने तान्हे मूल कोणाच्या हवाली करावे? पण त्या गोळीत अफू किती, हे ना आईला ठाऊक, ना विकणाऱ्याला.

आता थोडा हिशेब करू. एक तोळा म्हणजे बारा मासे, एक मासा म्हणजे आठ गुंजा. म्हणून तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची होते. अफूत मॉर्फीन शेकडा १० धरले तर गुंजभर अफूत सुमारे १२ मिलिग्रॅम मॉर्फीन आले. परंतु हे 'शेकडा १०' कोणी दिले? एका शेतातल्या अफूत ते कमी निघते, दुसऱ्यातल्या अफूत जास्त. शिवाय ओल्या अफूत पाणी असते. म्हणून सरकार शेतकऱ्याकडून अफू घेताना नुसते वजन पाहत नाही. शंभर भागांत ७० भाग घन द्रव्य असलेली अफू हे प्रमाण धरून हिशेब करते. गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी अफू कारखाने आहेत, तेथला हा नेम. तात्पर्य, गुंजेने अफूचे वजन कळे, औषधाचे कळत नसे.

आपल्या सराफ बाजारातल्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको. दहा ग्रॅमचा दागिना २२ कॅरटचा असेल तर त्यात शुद्ध सोने ९.१६ ग्रॅमच. वजन काट्यावर कळते, कस कसोटीवर. अफूला अशी कसोटी मिळाली ती जर्मनीतल्या एका तरुण औषधविक्याच्या हातून. सेर्ट्युर्नर त्याचे नाव. त्याने १८०४-०५ च्या सुमारास अफूतून तिचे मुख्य सत्त्व वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचे नाव ठेवले. १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याने आपला एक प्रयोग सांगितला आहे. तो आणि तीन तरुण यांनी अर्धा-अर्धा ग्रेन सत्त्व घेतले, थोड्या वेळाने पुन्हा अर्धा, आणि लगेच आणखी अर्धा. मग सगळ्यांची अशी अवस्था झाली की ओकारी काढण्यासाठी त्याला सर्वांना व्हिनेगर पाजावे लागले! आज असा प्रयोग कोणी केला तर तो तुरुंगात जाईल. पण गुंजेचा जमाना तेथे संपला, हे खरे. सत्त्व शुद्ध मिळाल्यावर मात्रा वजनाने सांगता येऊ लागली.

मग आपली आजची अडचण कोठून आली? ती अशी की, शुद्ध सत्त्वाचे १० मिलिग्रॅम बोटाच्या चिमटीत धरता येत नाहीत. म्हणून कारखानदार त्यात दुग्धशर्करा, स्टार्च आणि साचा चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालून गोळी दाबतो. समजा, दहा मिलिग्रॅमची गोळी काट्यावर १२० मिलिग्रॅम भरली. बाकीचे ११० मिलिग्रॅम निव्वळ भराव आहे. पाकिटावरचा '१०' हा आकडा औषधाचा, गोळीचा नव्हे. कित्येक शहाणी माणसे येथेच गोंधळतात.

गंगापूर रोडवरच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मुले पहिल्या वर्षांतच गोळ्या तोलायला शिकतात. रीत सोपी आहे. वीस गोळ्या तोलायच्या आणि सरासरी काढायची. भारतीय औषधसंहितेप्रमाणे या सुमाराच्या वजनाच्या गोळ्यांत सरासरीपासून साडेसात टक्क्यांपर्यंत फरक चालतो. वीसांत दोन गोळ्या त्याहून थोड्या इकडे-तिकडे गेल्या तरी त्या पास. आता आपला तुकडा ५४ मिलिग्रॅम भरला असे धरा. ५४ ला १२० ने भागा आणि १० ने गुणा : साडेचार मिलिग्रॅम. गणित तिसरीचे. पण ते खरे ठरण्यासाठी तीन गोष्टी मानाव्या लागतात. औषध गोळीभर सारखे मिसळलेले आहे. हीच गोळी सरासरीसारखी आहे. आणि काटा मिलिग्रॅमपर्यंत खरे बोलतो. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली बोलतच नाही. आणि कमी मात्रेच्या गोळ्यांत औषधाच्या प्रमाणात शेकडा १५ पर्यंतचा फरकही कसोटीत बसतो. म्हणजे आपले साडेचार कदाचित पावणेचारच्या आसपास असतील, कदाचित पाचांहून थोडे अधिक. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, हे मनात पक्के धरावे.

आणि काही गोळ्यांना तर ही रीत मुळीच लागू नाही. बारा तास हळूहळू विरघळणारी मॉर्फीनची गोळी मिळते. ती मोडली, कुटली वा चावली, तर बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. वजन बरोबर, गणित बरोबर, आणि माणूस दगावतो! मला या विषयात कशाची धास्ती वाटत असेल तर याचीच. गोळीवर मधोमध खाच नसेल, वर लेप असेल, तर सुरी उचलण्यापूर्वी डॉक्टरांना वा औषधविक्याला विचारावे. कित्येकदा लहान मात्रेची गोळी किंवा चमच्याऐवजी पिचकारीने मोजायचे द्रव औषध मिळू शकते. मग मोडतोडीची गरजच उरत नाही.

माझ्याकडे एकदा एक सूनबाई कागदाच्या पुडीत सात-आठ तुकडे घेऊन आली होती. सासऱ्यांना आतड्याचा कर्करोग. डॉक्टरांनी मात्रा वाढवली होती. पण घरात कोणी म्हणाले, "अफूच ती, सवय लागेल," म्हणून ती दर वेळी अर्ध्याचा अर्धा करून देत होती. तुकड्यांत औषध किती, हे तिला हवे होते. मी तुकडे तोलले नाहीत. तिला डॉक्टरांकडे परत पाठवले आणि एवढेच सांगितले की, म्हातारा रात्रभर कण्हतो आहे तो तुम्ही उरवलेल्या तुकड्यांमुळे. जास्त झाल्याची भीती सर्वांना असते, आणि ती रास्त आहे : माणूस हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद पडत असेल, तर क्षणाचाही वेळ न घालवता इस्पितळ गाठावे. पण कमी पडल्याची भीती कोणी बाळगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीने रचना सांगितली, तीत तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फीन आहे. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले. मात्र त्याच्या आदल्या वर्षीच, १९८५ साली, अमली पदार्थांचा कायदा आला. परवान्यांचा व्याप एवढा वाढला की दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने तो व्याप पुष्कळ कमी केला.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कायद्यालाही नेमका हाच प्रश्न पडला : वजन कशाचे धरायचे, गोळीचे की औषधाचे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटले, शुद्ध द्रव्याचे. १८ नोव्हेंबर २००९ ला सरकारने अधिसूचना काढली, की सबंध मिश्रणाचे. २२ एप्रिल २०२० रोजी हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी निकाल दिला, की भरावासकट सबंध वजन धरावे. फरक किती पडतो पाहा. मघाच्या आपल्या गोळ्या ५०० असल्या तर त्यांत मॉर्फीन ५ ग्रॅम. ही 'अल्प प्रमाणा'ची मर्यादा, शिक्षा फार तर एक वर्ष. पण गोळ्यांचे वजन ६० ग्रॅम, आणि तेथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. औषधशास्त्र भराव वजा करते, कायदा तो धरून चालतो. कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. मला तसे वाटत नाही. चोरटा व्यापार करणारा भेसळ करूनच माल विकतो आणि रस्त्यावर विकला जातो तो मालच. पण दुग्धशर्करेच्या वजनावर माणसाची वर्षे मोजली जातात, हे मनाला थोडे खटकते खरे.

ज्याच्या घरी हे औषध रीतसर चिठ्ठीवर आले आहे, त्याने या कलमांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. चिठ्ठी आणि पाकीट जपून ठेवावे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, पुडीत नव्हे. किती दिल्या, केव्हा दिल्या, हे एका वहीत लिहावे. डबा नातवंडांच्या हाताला लागणार नाही असा कुलपात असावा. आणि माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्या 'कधी कुणाला उपयोगी पडतील' म्हणून कपाटात ठेवू नयेत. त्यांचे काय करायचे ते ज्या दवाखान्यातून त्या आणल्या तेथेच, तेराव्याच्या आत विचारून घ्यावे.