नाव आणि किल्ली

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातून दिल्लीस गेलेला एखादा विद्यार्थी करोल बागेत खोली घेतो. पहिल्या आठवड्यातच त्याच्या आधारपत्राच्या तीन-चार प्रती निघतात. एक घरमालकाकडे, एक भाडेकरूच्या पोलीस पडताळणीसाठी, एक अभ्यासिकेत; आणि पुसट निघालेली एखादी झेरॉक्सच्या दुकानातच पडून राहते. त्या प्रती पुढे कोणाच्या हाती जातात, हे त्याने विचारावयाचे तरी कोणाला?

१२ अंकांचा हा क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी प्रथम देण्यात आला. ज्याच्यापाशी कसलाही कागद नाही, त्याचीही ओळख पटावी आणि त्याच्या हक्काचे धान्य त्याच्याच पदरी पडावे, हा त्यामागील हेतू. परंतु सोयीची वस्तू एकाच कामापुरती राहत नाही. पुढे बँकांनी तो मागितला, मोबाइल कंपन्यांनी मागितला, शाळांनीही मागितला. अखेर २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक खाते, मोबाइल आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती रद्द ठरविली.

अमेरिकेतही असेच घडले होते. तेथे १९३६ पासून निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी क्रमांक देण्यात येऊ लागले. १९३८ मध्ये पैशाची पाकिटे करणाऱ्या एका कारखान्याने पाकिटात नमुन्याचे कार्ड घातले. त्यावर कारखान्यातील एका चिटणीस बाईंचा खरा क्रमांक छापलेला होता. पुढे एकूण ४०,००० हून अधिक लोकांनी तोच आपला म्हणून सांगितला!

यातील बोध असा की, क्रमांक हे आपले नाव आहे, घराची किल्ली नव्हे. नाव दहा जणांना ठाऊक असणारच. पण नुसते नाव ऐकून जो दार उघडतो, तो चोराचे काम सोपे करतो. म्हणून क्रमांक मागणाऱ्याने पडताळणी करावी, आणि देणाऱ्याने थोडी सावधगिरी बाळगावी. केवळ शेवटचे ४ अंक दाखविणारे आधारपत्र मिळते. मूळ क्रमांकाऐवजी देण्याजोगा, बदलता येणारा १६ अंकी क्रमांकही मिळतो. बोटांचे ठसे मात्र जन्मभर बदलत नाहीत. त्यांच्या वापरास कुलूप घालण्याचीही सोय आहे.

तेव्हा श्रोतेहो, पुढील वेळी कोणी प्रत मागितली, तर देण्यापूर्वी एवढेच विचारा: ही कशासाठी हवी, आणि काम झाल्यावर तिचे काय करणार?